मांजराची खरूज पुन्हा पुन्हा उलटत असेल तर आधी तारखा बघा

इंजेक्शन झालं, आठ-दहा दिवसांत कानावरच्या खपल्या गळाल्या, खाली गुलाबी कातडी आणि तिच्यावर बारीक लव दिसू लागली. महिना गेला आणि मांजर पुन्हा मागच्या पायाने कान ओरबाडतंय. ही तक्रार नेहमीची, आणि तिच्यावर लोक जे करतात तेही नेहमीचंच. डॉक्टर बदलतात, औषध बदलतात, खाणं बदलतात आणि शेवटी ‘याच्या अंगातच आहे’ म्हणून नाद सोडतात.

त्याआधी एक काम करा. कागदावर दोन तारखा लिहा: औषधाचा शेवटचा डोस कधी दिला, आणि खाज पुन्हा कधी सुरू झाली. या दोन तारखांमधलं अंतर बऱ्याचदा कारणाचा पत्ता देतं. औषध कुठलं होतं हा प्रश्न माझ्या लेखी त्याच्यानंतरचा.

अंतर का महत्त्वाचं, ते समजायला किड्याचं जीवनचक्र माहीत हवं. मांजराच्या खऱ्या खरजेला कारण असतो तो नोटोएड्रिस कॅटी नावाचा माइट. डोळ्याला दिसत नाही. मादी कातडीच्या वरच्या थरात बोगदा करून आत अंडी घालते. तीन-चार दिवसांत अंडी फुटतात, पिल्लांची वाढ होते आणि साधारण तीन आठवड्यांत ती स्वतः अंडी घालायला तयार होतात. या माइटवरची बरीचशी औषधं जिवंत किड्यांना मारतात, अंड्यांवर त्यांचा भरवसा नसतो. म्हणजे पहिल्या डोसनंतर जे मांजर बरं दिसतं, त्याच्या कातडीत अंडी शिल्लक असू शकतात. ती फुटतील तेव्हा अंगात औषध असलं पाहिजे, किंवा पुढचा डोस वेळेवर पडला पाहिजे. एवढंच गणित आहे, आणि बहुतेक ठिकाणी तेच चुकतं.

तीन ते सहा आठवड्यांनी परत आली

सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार हा. इथे खरूज परत आलेली नसते, गेलेलीच नसते. डॉक्टरांनी दुसऱ्या डोसची तारीख दिलेली असते, पण मांजर छान दिसतंय, त्याला पिंजऱ्यात घालणं म्हणजे घरभर युद्ध, म्हणून तारीख टळते. आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन साधारण दोन आठवड्यांच्या अंतराने पुन्हा द्यावं लागतं. सेलामेक्टिन किंवा मॉक्सिडेक्टिन असलेलं मानेवर सोडायचं थेंबाचं औषध महिन्याने पुन्हा लावतात. किती वेळा, ते डॉक्टर ठरवतील, पण एकच डोस देऊन कातडी स्वच्छ दिसली म्हणून थांबणं ही पुढच्या खरजेची पेरणी आहे.

याच मुदतीत खरूज उलटण्याचं दुसरं कारण घरातच फिरत असतं. घरात तीन मांजरं आहेत, खाजतंय एकालाच, म्हणून औषध एकालाच. बाकीची दोघं वरून ठणठणीत दिसतात, पण एकाच गादीवर झोपतात, एकमेकांना चाटतात. नोटोएड्रिस अतिशय वेगाने पसरतो, आणि संसर्ग होऊन खाज सुरू व्हायला काही दिवस ते काही आठवडे जातात. औषध द्यायचं तर घरातल्या सगळ्या मांजरांना आणि एकाच दिवशी. आज एकाला, पुढच्या आठवड्यात दुसऱ्याला असं केलं की किडा या अंगावरून त्या अंगावर जातो आणि आपण त्याच्या मागे पळत राहतो. कुत्रा असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. कानातला माइट आणि अंगावर कोंडा पाडणारा माइट कुत्र्यावरही मजेत राहतो.

आठवडाभरातच परत, किंवा नीट आराम पडलाच नाही

इथे मला पहिला संशय स्टेरॉइडचा येतो. ‘एक इंजेक्शन दिलं आणि दुसऱ्या दिवशी खाज गायब’ असं कुणी कौतुकाने सांगितलं की ते इंजेक्शन कशाचं होतं हे विचारून घ्यावं. माइट मारणारं औषध इतक्या झटपट खाज थांबवत नाही. मेलेल्या माइटचे अवशेष कातडीत असेपर्यंत खाज रेंगाळते, कधीकधी दोन-तीन आठवडेही. स्टेरॉइड मात्र खाज दाबतं आणि शरीराची प्रतिकारशक्तीही दाबतं. किडा तसाच राहतो, त्याचं फावतं, आणि असर उतरला की खाज आधीपेक्षा जोरात उसळते. कातडी फार सुजली असेल तर डॉक्टर थोडे दिवस स्टेरॉइड जोडीला देतात, त्यात गैर काही नाही. एकट्या स्टेरॉइडवर खरूज बरी करायला निघणं मात्र चूक.

दुसरा संशय औषध लावण्याच्या पद्धतीचा. थेंबाचं औषध केसांवर पडलं तर वाया गेलं. मानगुटीवर, कवटीच्या अगदी खाली, जिथे मांजराची जीभ पोचत नाही तिथे केस दोन्ही बाजूंना सारून कातडीची रेघ दिसली पाहिजे, आणि पिपेटचं टोक त्या रेघेवर टेकलं पाहिजे. मग पूर्ण पिपेट तिथेच रिकामी करायची. लावून झाल्यावर केस ओले, चिकटलेले दिसतात आणि शेजारचं मांजर कुतूहलाने चाटायला येतं. वाळेपर्यंत त्यांना वेगळं ठेवा. आदल्या दिवशी शाम्पूने घसाघसा आंघोळ घालू नका, लावल्यावर दोन दिवस तर नाहीच. आणि वजन करा, डोळ्यांनी अंदाज नको. घराच्या काट्यावर आधी मांजर घेऊन उभं राहायचं, मग एकट्याने, आणि वजाबाकी करायची. वाढत्या पिल्लाचं महिन्यापूर्वीचं वजन आज चालत नाही.

तिसरी शक्यता, आजार खरजेचा नाहीच. इथे तारखांचं काम संपतं आणि मांजर उजेडात घेऊन बसावं लागतं.

जवळून काय बघायचं

खिडकीपाशी बसा आणि आधी कानाची कड बघा, टोकाकडची नाही, कवटीजवळची. नोटोएड्रिस बहुधा तिथूनच सुरू होतो. आधी केस विरळ होतात, मग राखाडी-पिवळट, जाड, कातडीला घट्ट धरून बसलेली खपली येते. कड बोटांत धरली तर कागदासारखी पातळ लागायला हवी, ती जाडजूड आणि खरबरीत लागते. तिथून खपली कपाळावर, पापण्यांवर, मानेवर उतरते. चेहऱ्याची कातडी जाड होऊन सुरकुतते आणि कोवळं मांजरही म्हातारं दिसायला लागतं. पुढे पंजांवर आणि शेपटीखाली चट्टे येतात, कारण मांजर पंजाने तोंड पुसतं आणि अंगाची गुंडाळी करून झोपतं तेव्हा तोंड त्याच भागांना टेकतं. जबड्याखालच्या गाठी सुजलेल्या हाताला लागतात. एवढं सगळं दिसत असेल तर खरवडून काढलेल्या कातडीत सूक्ष्मदर्शकाखाली हा माइट सहसा सापडतो. कुत्र्याच्या खरजेत तिथला माइट शोधताना नाकी नऊ येतात, मांजरात तसं होत नाही. म्हणूनच स्क्रेपिंग न करता वर्षभर नुसती औषधं बदलत राहिल्याचं ऐकलं की आश्चर्य वाटतं. दहा मिनिटांची तपासणी आहे.

कान आतून काळपट तपकिरी, दाणेदार मळाने भरलेला आणि मांजर सतत डोकं झटकतंय, असं असेल तर ओटोडेक्टिस, म्हणजे कानातला माइट. हा कातडीत बोगदा करत नाही, पण याचंही चक्र तीन आठवड्यांचंच. तो परत येण्याचं एक खास कारण आहे: काही किडे कानाबाहेर, मानेवर आणि शेपटीच्या बुडाशी राहतात, कारण झोपताना शेपूट कानाशी येते. नुसते कानात थेंब घालत राहिलं तर हे बाहेरचे पाहुणे परत घरी येतात. सगळ्या अंगावर काम करणारं औषध इथे जास्त भरवशाचं. कापसाची काडी आत खोल घालू नका, मळ आणखी आत ढकलला जातो.

पाठीवर कोंडा, आणि त्या मानाने खाज थोडी, तर चेलेटिएला. कोंडा काळ्या कागदावर झटकून भिंगातून बघितला तर एखादा कण चालताना दिसतो. हा माइट मांजराच्या अंगाबाहेर दहाएक दिवस तग धरू शकतो, त्यामुळे इथे गादी, ब्रश, प्रवासाची टोपली या सगळ्यांकडे बघावं लागतं. नोटोएड्रिसचं तसं नाही, तो अंगाबाहेर थोडेच दिवस जगतो. अंथरूण गरम पाण्यात, शक्यतो 60 अंश सेल्सियसला, धुतलं आणि फरशी व्हॅक्यूम केली की पुरे. घरभर जहाल फवारे मारण्याची गरज नाही, आणि ते मांजराच्या पायांना लागून पोटात जातात ते वेगळंच.

आता सगळ्यात फसवा प्रकार. पोटावरचे, मांड्यांच्या आतले केस कातरल्यासारखे गेलेत, खपली नाही, लाली नाही, आणि मांजराला खाजवताना कुणी पाहिलेलंही नाही. घरातले म्हणतात, ‘ताण आला असेल.’ मांजर मात्र चाटून चाटून केस तोडतंय, आणि तेही कुणी बघत नसताना. याच्या मागे डेमोडेक्स गाटोई असू शकतो. 1999 मध्ये या माइटची वेगळी प्रजाती म्हणून नोंद झाली. हा आखूड, बोजड माइट कातडीच्या अगदी वरच्या थरात राहतो, खाज आणतो आणि एका मांजराकडून दुसऱ्याकडे जातो. स्क्रेपिंगमध्ये बऱ्याचदा सापडत नाही, कारण मांजराने तो चाटून गिळलेला असतो. कधी तो विष्ठेच्या तपासणीत मिळतो, किंवा घरातल्या त्या मांजराच्या अंगावर मिळतो ज्याला खाज नाही आणि म्हणून जे फारसं चाटत नाही. रिपोर्ट कोरा आला म्हणून गाटोई नाही, असं धरून चालू नका. अशा वेळी काही डॉक्टर संशयावरच उपचार करून बघतात. लाइम सल्फरच्या 2 टक्के द्रावणाने आठवड्यातून एकदा, सहा आठवडे अंग भिजवणं हा यावरचा जुना उपाय. वास भयंकर येतो आणि पांढरं मांजर पिवळं दिसतं, पण उपयोग होतो. द्रावण वाळेपर्यंत गळ्यात प्लॅस्टिकचा शंकूसारखा पट्टा (कोन) हवा, नाहीतर ते चाटून पोटात जाणार.

घरातल्या माणसांचे हातही बघा. मांजर ज्याच्या मांडीवर बसतं त्याच्या दंडावर किंवा पोटावर लाल, खाजरे पुरळ उठले असतील तर नोटोएड्रिस आणि चेलेटिएला यांच्याकडे बोट जातं. माणसाच्या अंगावर यांचा संसार टिकत नाही, मांजर बरं झालं की पुरळही थोड्या दिवसांत जातात. पुरळ गोल, कडेने उठावदार आणि वाढत जाणारे असतील तर मात्र गजकर्णाचा विचार करा. ती बुरशी आहे, तिच्यावर खरजेचं कुठलंच औषध चालत नाही, आणि पिल्लांमध्ये ती खरजेसारखीच दिसू शकते. पुरळ कुठल्याही प्रकारचे असोत, माणसाने त्वचेच्या डॉक्टरांना दाखवायला हरकत नाही.

नाकावर, कानांवर आणि नखांच्या बुडाशी खपल्या, तर पेम्फिगस हा प्रतिकारशक्तीचा आजार असू शकतो. पांढऱ्या मांजराच्या कानाच्या टोकाला न भरणारी जखम असेल तर खरूज समजून थांबू नका, तिथे उन्हामुळे कर्करोग होतो.

दोन-तीन महिने छान गेले, मग पुन्हा

हा बहुधा नवा संसर्ग. घरातलं मांजर बरं झालं होतं, त्याला बाहेरून पुन्हा मिळाला. मांजर बाहेर फिरत असेल, भटकं मांजर येऊन त्याच वाटीत खात असेल, एखादा बोका मारामारी करून जात असेल, तर औषध कितीही चांगलं असो, हे चालूच राहणार. अशा मांजराला खरजेच्या उपचारापुरतं औषध देऊन भागत नाही, महिन्याच्या महिन्याला प्रतिबंधक थेंब चालू ठेवावे लागतात. नवं मांजर घरात आणलं तर पहिले तीन-चार आठवडे वेगळ्या खोलीत, वेगळ्या गादीवर.

खाज पाठीच्या खालच्या भागावर, शेपटीच्या बुडाशी असेल आणि मानेवर, पाठीवर बाजरीएवढ्या बारीक पुटकुळ्या हाताला लागत असतील तर माइट सोडा, पिसवांकडे वळा. मालक लगेच म्हणतो, ‘एकही पिसू दिसली नाही.’ ज्या मांजराला पिसवेची ॲलर्जी असते ते इतकं चाटतं की पिसू अंगावर राहतच नाही. ओल्या पांढऱ्या कागदावर बारीक फणीने अंगातला मळ झाडा. काळे कण पाण्यात विरघळून तांबूस-तपकिरी ओघळ सुटला तर ती पिसवेची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. नुसती माती असेल तर रंग सुटत नाही.

पिसवांच्या बाबतीत मात्र घर हेच मूळ. एक मादी दिवसाला 40-50 अंडी घालू शकते. ती अंगावरून ओघळतात आणि गालिच्यात, सोफ्याच्या फटीत, पलंगाखाली पडतात. अळ्या अंधारात वाढतात आणि कोशात जातात. कोशातली पिसू औषधाला दाद देत नाही आणि अनुकूल वेळेची वाट बघत महिनोन्महिने पडून राहू शकते. म्हणून औषध सुरू केल्यावर पहिले काही आठवडे नव्या पिसवा दिसतच राहतात, आणि लोक ‘औषध फेल’ म्हणून नेमकं तेव्हाच बंद करतात. किमान तीन महिने सलग औषध, घरातल्या सगळ्या प्राण्यांना, आणि रोज व्हॅक्यूम. त्याच्या कंपनांनी पिसवा कोशातून बाहेर येतात, आणि बाहेर येऊन औषध लावलेल्या प्राण्याच्या अंगावर चढल्या की मरतात.

घरात जे अजिबात करू नका

कुत्र्याचं थेंबाचं औषध अर्धं करून मांजराला लावू नका. त्यातल्या अनेकांत परमेथ्रिन असतं. मांजराच्या यकृताला ते विघटित करता येत नाही, काही तासांत अंग थरथरतं, झटके येतात आणि मांजर दगावतं. चुकून लागलंच तर कोमट पाणी आणि भांडी धुण्याच्या साबणाने धुऊन त्याच क्षणी दवाखाना गाठा. माणसांच्या खरजेची मलमं आणि लोशनंही नकोत, त्यांत परमेथ्रिन किंवा बेंझिल बेंझोएट असतं आणि दोन्ही मांजराला घातक. अमिट्राझ, टी ट्री ऑइल, कापूर, फिनाइल, रॉकेल, डेटॉल यांपैकी काहीही अंगाला लावायचं नाही. बाहेरून लावलेलं मांजर चाटून पोटात घेतं, हे धरूनच चालायचं.

गुरांसाठी मिळणारं 1 टक्का आयव्हरमेक्टिन घरी टोचण्याचा सल्ला हमखास मिळतो. तीन किलोच्या मांजराला लागणारं माप 0.1 मिलिलिटरच्याही आत असतं. साध्या सिरिंजमध्ये तेवढं माप धड दिसतही नाही. पिल्लांमध्ये जरा जास्त झालं तर बुबुळं विस्फारतात, तोल जातो, मांजर बेशुद्ध पडतं. हे काम डॉक्टरांचं. फ्लुरालानर, सॅरोलानरसारखी नवी औषधं सोयीची आहेत, फ्लुरालानरचा असर पिसवांवर सुमारे बारा आठवडे राहतो. पण मांजराला आधी कधी झटके आले असतील तर डॉक्टरांना आधी सांगा. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने 2018 मध्ये या गटातल्या औषधांबाबत तशी सूचना दिली होती.

खपल्या नखाने उचकटू नका. खाली ओली जखम होते आणि तिच्यात जंतू शिरतात. किडा मेला की त्या आपोआप सुटतात. तोवर मागच्या पायांची नखं कापून ठेवा.

पू येत असेल, डोळे खपल्यांनी मिटले असतील किंवा मांजराने दिवसभर तोंडाला काही लावलं नसेल तर पुढच्या डोसची वाट बघू नका. उपाशी मांजराचं यकृत थोड्याच दिवसांत बिघडतं, आणि मग खरूज हा दुय्यम प्रश्न होऊन बसतो.

सगळं वेळेवर करूनही वयस्क मांजराला सुटका नसेल

तारखा पाळल्या, सगळ्या मांजरांना औषध दिलं, बाहेर जाणं बंद केलं आणि तरीही मोठ्या वयाच्या मांजराच्या तोंडावर, मानेवर केस जाऊन चट्टे येतायत. स्क्रेपिंगमध्ये या वेळी लांबट, सडपातळ माइट दिसला. हा डेमोडेक्स कॅटी. तो केसांच्या मुळाशी राहतो, एरवी निमूट असतो आणि दुसऱ्या मांजराला सहसा लागत नाही. तो बोकाळला याचा अर्थ प्रतिकारशक्ती कुठेतरी ढासळली आहे. अशा वेळी डॉक्टरांकडे रक्तातल्या साखरेची तपासणी आणि मांजरांमधल्या एफआयव्ही, एफईएलव्ही या दोन विषाणूंची चाचणी मागून घ्या. मागच्या काही महिन्यांत स्टेरॉइडची किती इंजेक्शनं झाली, दम्यासाठी एखादा इनहेलर चालू आहे का, हेही त्यांना सांगा. जुन्या चिठ्ठ्या घेऊन जा, वेगवेगळ्या डॉक्टरांच्या असल्या तरी सगळ्या.